शनिवारची विस्टेरिया लेन : इंग्रजी मालिका कॉलनीतल्या बायकांना मराठीतून दाखवतानाच्या नोंदी

लातूर, औसा रोडच्या आतल्या बाजूची आमची कॉलनी. काम असं : 'डेस्परेट हाउसवाइव्ज' या अमेरिकन मालिकेचं पहिलं पर्व, २३ भाग, आमच्या हॉलमध्ये शेजारच्या दहा-बारा जणींना नीट कळेल असं दाखवायचं. मी ही मालिका दोनदा पूर्ण पाहिली आहे, आठही पर्वं, १८० भाग. दोन्ही वेळा एकटीनं, घरचे झोपल्यावर. आणि दोन्ही वेळा वाटलं की हे समोरच्या काकूंनी बघायला पाहिजे. विस्टेरिया लेन नावाच्या एकाच गल्लीतल्या चौघी, चौघींची घरं बाहेरून लख्ख, आणि आत प्रत्येकीचं काहीतरी बिनसलेलं. हे त्यांना मी सांगायची गरजच नाही, फक्त भाषेची अडचण दूर व्हायला हवी. कोणाला असंच काही करायचं असेल तर माझा वाया गेलेला वेळ तरी वाचावा म्हणून तारखेनिशी लिहून ठेवते.

२ मार्च २०२४

नणंदबाईंनी अमेरिकेहून येताना पहिल्या पर्वाच्या डीव्हीडींचा संच आणला. आमच्या जुन्या प्लेअरमध्ये घातला तर पडद्यावर फक्त 'रीजन चुकीचा'. मला वाटलं डिस्क खराब आहे. तासभर मऊ कापडानं पुसत बसले. डिस्कला काही झालेलं नव्हतं. रीजन म्हणजे डिस्क जिथं विकायची त्या प्रदेशाचा क्रमांक. अमेरिकेत विकलेल्या डिस्कवर रीजन १ असतो, आपल्याकडच्या प्लेअरवर ५, त्यामुळे प्लेअर ती उघडतच नाही.

उपाय : लॅपटॉपला बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह, १,४५० रुपये. त्याचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, मग शेवटचा असेल तो कायम राहतो. मी एकदा १ केला आणि पुन्हा हात लावला नाही. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरवर चित्र आणि आवाज दोन्ही चांगले आले.

९ मार्च

पडद्यावर खाली दिसतील अशा भाषांतराच्या मराठी ओळी लिहायला बसले. 'सबटायटल एडिट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरतेय. पहिली मोठी चूक इथंच झाली. ऑफिसात मी वर्षानुवर्षं जुन्या फाँटात टाइप करते, हात त्यालाच बसलाय. दोनशे ओळी तशाच टाइप करून मोकळी झाले. व्हीएलसीत उघडल्या तर सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. पाच तास पाण्यात. आता युनिकोड (एका फाँटावर न अडणारी अक्षरांची पद्धत), त्यासाठी इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड, आणि फाइल साठवताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडलाय का ते दरवेळी बघायचं. जुन्या फाँटातला मजकूर घेऊन बसू नका, नव्यानं टाइप करणं परवडतं.

१६ मार्च

पहिला भाग पुरा झाला. ४३ मिनिटांच्या भागाला १९ तास लागले, दोन आठवड्यांच्या रात्री मिळून.

नवा पेनड्राइव्ह घेतला (४८० रुपये), भाग आणि ओळींची फाइल त्यात टाकून थेट टीव्हीला लावला. अक्षरं आली, पण मोडून आली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडं जाऊन बसली, जोडाक्षरं सुटी झाली. 'प्रश्न' हा शब्द तीन तुकड्यांत दिसत होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एक अख्खा रविवार घातला, काही उपयोग नाही. लॅपटॉपवर तीच फाइल व्यवस्थित दिसते. म्हणून लॅपटॉपच एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडला. केबल ३५० रुपये. पेनड्राइव्ह पडून आहे.

२३ मार्च

आज घरोघर जाऊन सांगून आले. पुढच्या शनिवारपासून, दुपारी चार वाजता, चहा आमच्याकडं.

एका गोष्टीनं दोन दिवस झोप नव्हती. मालिका सुरू होते तीच एका गृहिणीच्या आत्महत्येनं. मेरी अ‍ॅलिस यंग. सकाळची सगळी कामं उरकते, कपाटातलं पिस्तूल काढते आणि स्वतःला संपवते. पुढची सगळी गोष्ट हीच मेलेली बाई आपल्याला सांगते. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या वहिनींचा भाऊ तीन वर्षांपूर्वी शेतातच गेला, सोयाबीनचं वाईट वर्ष होतं ते. आपल्या भागात बायकांच्या कुठल्याही घोळक्यात अशी एक तरी असते. न सांगता दाखवणं मला जमलं नसतं. एकटीला गाठून सांगितलं की सुरुवातीलाच असं आहे, तुम्ही आला नाहीत तरी मला काही वाटणार नाही. त्या म्हणाल्या, "सुरू करा तुम्ही. मी मागून येते." कोणाला दाखवण्याआधी हे विचारून घ्याच. घंटी वाजवण्याआधी जिन्यात दहा मिनिटं उभी होते मी, पण गेले ते बरं झालं.

३० मार्च

पहिला भाग. अकरा जणी. वहिनी पंधरा मिनिटांनी आल्या, दाराजवळ बसल्या, शेवटपर्यंत थांबल्या.

काय जमलं ते आधी. मेरी अ‍ॅलिसच्या घरी लोक भेटायला येतात तो प्रसंग. शेजारणी हातात काही ना काही घेऊन आलेल्या. लिनेटनं तळलेलं चिकन आणलंय, गॅब्रिएलनं पाएला हा स्पॅनिश भात, सुझननं मॅकरोनी आणि ब्रीनं स्वतः भाजलेल्या मफिनच्या दोन टोपल्या. या प्रसंगासाठी मी चार ओळींचं स्पष्टीकरण लिहून ठेवलं होतं. ते कोणी वाचलंच नाही. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे कडू घास घेऊन जातात, हे इथं कोणाला शिकवायचं! ब्री मेरी अ‍ॅलिसच्या, दुःखात बुडालेल्या नवऱ्याला आठवण करून देते की टोपल्या परत हव्यात, तेव्हा सगळ्या एकदम हसल्या. प्रत्येकीचा एखादा डबा कोणाकडं तरी अडकलेला असतोच.

मिसेस ह्यूबरचा प्रसंग तर त्याहून. गोळीचा आवाज ऐकून ही शेजारीण उसना घेतलेला ब्लेंडर परत करायच्या निमित्तानं डोकावते, मेलेली बाई बघते, पोलिसांना फोन करते, आणि मग ब्लेंडरखालची मेरी अ‍ॅलिसच्या नावाची चिठ्ठी खरवडून काढते. मी ब्लेंडरला सरळ 'मिक्सर' केलं होतं, ते बरोबर बसलं. समोरच्या काकू उठल्या, आमच्या फळीवरचा स्टीलचा डबा उलटा करून सगळ्यांना दाखवला. माझ्या सासूबाईंचं नाव, गावाचं नाव आणि साल, तिन्ही मशीननं कोरलेलं. "हे कसं खरवडती गं बया?" इतकी चांगली टीप मला लिहिता आली नसती.

आता काय फसलं. ओळी वाचूनच होईनात. मी एकेक ओळ दीड-दोन सेकंद ठेवली होती, इंग्रजी बोलण्याच्या वेगानं. काकू म्हणाल्या, "वाचूस्तोर पळतंय की ते." दोघींना तर वाचताच येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं आणि नव्हतं. त्या दोघी चित्रावर निभावत होत्या आणि शेजारणीला विचारत होत्या, त्यामुळं शेजारणीचंही वाचन बुडत होतं.

दुसरी चूक मनाला जास्त लागली. गॅब्रिएलचं माळीकाम करणाऱ्या पोराशी जे चाललंय त्याला मी 'जवळीक' लिहिलं होतं. ज्येष्ठ बायका बसणार, म्हणून सगळीकडं असंच मवाळ केलं होतं. ती बाई भरल्या पार्टीतून निघून रात्री झगा घालून लॉन कापते, का तर माळ्यानं दिवसभर गवताला हात लावला नाही हे नवऱ्याला कळू नये. आणि खाली माझी ओळ 'जवळीक'. काकू वळून म्हणाल्या, "लफडं मन की सरळ. आमाला दिसंना का?" त्यांचा अपमानच केला होता मी. रात्री बसून सगळ्या मवाळ ओळी काढल्या.

६ एप्रिल

दुसरा भाग लावला आणि दहाव्या मिनिटाला बाहेरून ओरडा आला, नळ आला! नवव्या दिवशी आला होता. सगळ्या उठल्या, मीही उठले. हौद, पिंप, घागरी, कूलरची टाकी. साडेसहापर्यंत पाणी. भाग तिथंच राहिला.

२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा टँकरच्या रांगेत याच बायका उभ्या होत्या. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची सून माहेरी गेलीय, हे आमच्या गल्लीत घागरींवरून कळतं. विस्टेरिया लेनवर ते खिडकीच्या पडद्याआडून कळतं.

पाणी भरताना एक निर्णय झाला. वाचायला लावायचं नाही, वाचून दाखवायचं. मेरी अ‍ॅलिस जिथं जिथं बोलते ते सगळं मराठीत कोणीतरी मोठ्यानं म्हणायचं. बाकीचे संवाद पडद्यावर, पण तोडून, एका वेळी दोन लहान ओळी, किमान तीन सेकंद. सगळा शब्द न् शब्द आणायचा हट्ट सोडला. आता एका भागाला १९ ऐवजी सात तास लागतात.

१३ एप्रिल

वाचन मी केलं. पडलं. मूळ आवाज ब्रेंडा स्ट्राँग या अभिनेत्रीचा आहे, शांत, गोड, जराही आरोप न करणारा. सगळ्यांचं सगळं माहीत असलेल्या बाईचा आवाज. माझा आवाज बातम्या वाचल्यासारखा. वर भाषा पुस्तकी. 'माझ्या मृत्यूनंतर', 'दैनंदिन जीवन', 'तथापि'. कोणती मेलेली शेजारीण 'तथापि' म्हणते?

दुसऱ्या अर्ध्या तासात कागद काकूंच्या हातात दिला. त्या भजनी मंडळात पुढं असतात, जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत. त्यांनी माझं वाक्य आधी मनात वाचलं आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी लिहिलं होतं, 'त्या दिवशीही मी माझी नित्याची कामे नेटकेपणाने पार पाडली.' त्या म्हणाल्या, "त्या दिशी बी समदं रोजच्यावानीच केलं. भांडी घासली, लख्ख पालथी घातली." हॉल गप्प झाला. मला समजलं की इतके दिवस मी कुठं चुकत होते.

नावांचाही प्रश्न त्यांनीच सोडवला. सुझन, लिनेट, ब्री, गॅब्रिएल आणि त्यांची शेजारीण इडी, ही नावं लक्षात राहत नव्हती. आता लिनेट म्हणजे 'चार लेकरांची', ब्री म्हणजे 'इस्त्रीवाली', सुझन 'येंधळी', गॅब्रिएल 'हिरोईन'. मी पडद्यावरच्या ओळींतही हीच नावं टाकली. मालिकेच्या नावाचं मराठी मात्र अजून ठरलेलं नाही. 'हताश गृहिणी' सरकारी योजनेसारखं वाटतं. 'कावलेल्या बाया' जवळचं आहे, पण त्यात फक्त राग येतो, आतली घालमेल येत नाही. इंग्रजीच ठेवलंय.

२० एप्रिल

ऊन ४० च्या वर. कूलर लावला की आवाज ऐकू येत नाही, बंद केला की बसवत नाही. काकूंनी भजनी मंडळाचा लहान स्पीकर आणि माइक आणला. पहिल्यांदा शिट्टी वाजत राहिली, कारण माइक स्पीकरसमोरच धरला होता. स्पीकर टीव्हीखाली आणि काकू मागच्या खुर्चीत, असं केल्यावर बंद झाली. टीव्हीचा आवाज मेरी अ‍ॅलिस बोलायला लागली की १० वर, एरवी २५. रिमोट माझ्या हातात. कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर नेला, तेव्हा कुठं ऐकू यायला लागलं.

कांद्याची एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या भागात हॉटेलात जेवताना ब्रीचा नवरा रेक्स तिला घटस्फोट हवा म्हणतो, आणि ब्री त्याच्या सॅलडमध्ये कांदा वाढते, त्यावरून त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. कांद्यानं माणूस दवाखान्यात जातो हे कोणाला पटेना, आणि त्या गोंधळात घटस्फोटाचं वाक्य सगळ्यांच्या कानावरून गेलं. आज तो तुकडा परत दाखवला, आधी 'त्याला कांदा चालतच नाही, जीवावर बेततं' असं सांगून. अशी जागा दिसली की प्रसंगाआधीच सांगा, प्रसंगात नको.

२७ एप्रिल

सहावा आणि सातवा भाग. लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टरवर निभावलं.

बऱ्याच भागांची नावं स्टीफन साँडहाइम या संगीतकार-गीतकाराच्या गाण्यांतून आलेली आहेत. त्यांचं मराठी करण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या. गाणंच ओळखीचं नाही तिथं नावातला इशारा कसा पोचणार? भाग एक, भाग दोन, एवढंच म्हणतो आता.

४ मे

आज नाही. उद्या 'नीट', मेडिकलची प्रवेश परीक्षा आहे. कॉलनीतल्या पाच घरांत परीक्षेची मुलं, बाकीच्यांच्या घरी बाहेरगावहून आलेले भाडेकरू. गल्लीत कोणी कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही.

११ मे

आठवा भाग. चौदा जणी.

त्यात लिनेटचा प्रसंग आहे. मोठ्या नोकरीवरून घरी बसलेली, चार लेकरं, त्यात जुळी. दम पुरेना म्हणून लेकरांच्या औषधाच्या गोळ्या स्वतः खायला लागलेली. शेवटी ती मुलांना सुझनकडं टाकून निघून जाते आणि एका खेळाच्या मैदानावर एकटी बसून राहते. सुझन आणि ब्री तिला शोधत येतात. ती म्हणते, बाकीच्यांना जमतं, मलाच जमत नाही. तेव्हा दोघी आपापलं सांगतात, त्यांनाही कधी झेपलं नव्हतं. लिनेट विचारते, मग हे मला आधी का नाही सांगितलं?

या प्रसंगाला मी मुद्दाम अगदी कमी ओळी ठेवल्या होत्या. चेहरे बघायला वेळ मिळावा म्हणून. लिनेटचं काम करणाऱ्या फेलिसिटी हफमन यांना २००५ मध्ये याच भूमिकेसाठी एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. त्या मैदानावर रडताना त्यांचा चेहरा वेडावाकडा होतो, नाक गळतं, आणि त्या पुसतही नाहीत.

मागून आवाज आला, "थांबवा हो जरा." उदगीरकडच्या एका गावाहून मुलाच्या क्लाससाठी इथं खोली करून राहिलेल्या ताई आहेत. नवरा गावाकडं शेती बघतो. दोन वर्षं झाली, कायम हसतमुख, कधी कोणाकडं काही मागितलं नाही. त्या म्हणाल्या, "परवा पेपर झाला तर मला वाटलं सुटले. पण सांगू का, पोरगं क्लासला गेलं की दुपारी घर खायला उठतं. मी पंखा लावून भिंतीकडं बघत बसते. इथं कोणाला माहीत नाही."

काकूंनी माइक बंद केला. मग वरच्या मजल्यावरच्या मॅडम बोलल्या. मग दाराजवळच्या वहिनी बोलल्या, भावाबद्दल, पहिल्यांदाच. काय बोलल्या ते त्यांचं आहे, इथं लिहीत नाही. चहा दोनदा झाला. उरलेला भाग सव्वासहाला लावला.

मालिका लिहिणारे मार्क चेरी यांना ही कल्पना आईबरोबर टीव्हीवर बातम्या बघताना सुचली होती. स्वतःच्या मुलांना मारलेल्या एका आईच्या खटल्याची बातमी चालू होती. बाई इतक्या टोकाला जाऊच कशी शकते, असं ते म्हणाले, तर त्यांची आई म्हणाली की त्या कड्यापर्यंत मीही गेले होते. तोवर त्यांना वाटत होतं की आपली आई घरात सुखात होती. हे मी शेवटी सांगितलं. ताई म्हणाल्या, "त्यांच्या आईनं सांगितलं तरी."

कामाची सुधारणा : आता दर शनिवारी एकच भाग, आणि पुढचा तास मोकळा. दोन भाग दाखवायची घाई माझी होती, त्यांची नव्हती.

१८ मे

नववा भाग. पाण्याचा दिवस असला तर सुरुवात साडेसहाला, नसला तर चारला. सकाळी गटावर कळवते.

२५ मे

दहावा भाग झाला. हिशोब : ड्राइव्ह १,४५०, केबल ३५०, पेनड्राइव्ह ४८०, छपाई २१२ पानं दोन रुपयांप्रमाणं ४२४. एकूण २,७०४. चहा-साखर धरलेली नाही, आता प्रत्येकजण आळीपाळीनं दूध आणते. कागदाच्या छपाईवर पैसे वाचवू नका. काकूंना मोठं अक्षर लागतं, १८ पॉइंट, एका बाजूला, ओळींमध्ये मोकळी जागा.

ती मोकळी जागा कामाला आली. अकराव्या भागाचे कागद काकू गुरुवारीच घरी घेऊन गेल्या होत्या. आज परत आणले. माझ्या टाइप केलेल्या ओळींखाली सगळीकडं त्यांचं शिसपेन्सिलीतलं अक्षर. 'माझ्या निधनानंतर' खोडून 'मी गेल्यावर'. 'शेजाऱ्यांची गुपिते' खोडून 'घराघरातलं'. एका जागी मी तीन वाक्यं लिहिली होती, ती पूर्ण काटून बाजूला लिहिलंय, 'इथं कायी बोलायचं नाय, तिचं तोंड दिसू दे.'

तो प्रसंग काढून बघितला. खरंच तिथं ब्रीचा चेहरा जवळून आहे. ओळी काढून टाकल्या.